म्हातारी दीड लाखात बसेना

माझ्या भाच्याने कादंबरी लिहिली आहे आणि ती फार लांब झाली आहे, हे माझ्या भावाने मला फोनवर अशा आवाजात सांगितलं की जणू पोराला मुतखडा निघाला आहे.

"जये, पोरगा जेवत नाय," गोविंदा म्हणाला. "त्याचं बुक लांब झालंय. तू मास्तरीन हायेस, तू काप."

मी जया केणे. कल्याणजवळच्या मोहने गावची मुलगी, डोंबिवलीच्या शाळेत उभा जन्म मराठी शिकवलं, आणि आता निवृत्त होऊन एकटी राहते. गेल्या वर्षी ठाण्याला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून मला राग येईल असं काही घरचे माझ्या कानावर घालत नाहीत. त्यामुळे कादंबरीची बातमी सगळ्या मोहन्यात फिरून शेवटी माझ्याकडे आली, आणि मला राग आलाच.

रविवारी दुपारी दिपेश लॅपटॉप घेऊन आला. पोरगा एकतीस वर्षांचा आहे, कल्याणात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि दिसायला बापासारखा धिप्पाड आहे. पण त्या दिवशी तो माझ्या खुर्चीत असा बसला होता की मला सातवी ब आठवली.

"आत्या, मी ठाण्याला गेलेलो, प्रकाशनात. अंतरा मॅडम संपादक आहेत तिथे. त्यांनी पहिली तीन प्रकरणं वाचली. आवडली त्यांना."

"मग तोंड का असं?"

"साइज ऐकून हँग झाल्या."

या अंतराबाईंचं म्हणणं असं होतं की राजे, राक्षस, जादू आणि पहिल्या पानावर नकाशा अशी भलीमोठी कादंबरी कोणी लिहीत असेल तर जरूर लिहावी. पण ते लेखकाचं पहिलंच पुस्तक असेल तर दीड लाख शब्दांच्या वर एक शब्द चालणार नाही. कागद महाग, वाचक नवा, लेखक त्याहून नवा. "पहिलटकरणीचं बाळ फार मोठं असू नये, अडतं," असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या पुस्तकाला हवं तेवढं लिहा. शुक्रवारपर्यंत कादंबरी दीड लाखात बसवून पाठवली तर या वर्षीच्या यादीत तिचा विचार होणार होता, नाहीतर नाही. बाई मला न भेटताच आवडली.

"आणि तुझे किती आहेत?"

"दोन लाख चार हजार."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. पण मी ते बोलले नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती. दिपेशने आयुष्यात कधी काही पूर्ण केलेलं नाही. डिप्लोमा अर्धा, तबला अर्धा, आणि पोहण्याचा क्लास तर असा अर्धा की त्याला आत शिरता येतं, बाहेर येता येत नाही. ही कादंबरी त्याने शेवटच्या पानापर्यंत नेली होती. ती परत आली असती तर त्याने पुन्हा कशाला हात लावला नसता, आणि पुढची तीस वर्षं आम्ही त्याला "लिहायचास ना रे तू?" असं विचारत बसलो असतो. म्हणून मी चष्मा लावला आणि म्हटलं, "दाखव."

पहिलं वाक्य असं होतं: "खाजण राज्या च्या सीमे वर राजपुत्र खारवीर ने तलवारी च्या मुठी वर हात ठेवला."

माझी छाती धडधडली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच इतकी.

"हे काय आहे?"

"काय?"

"राज्या. च्या. सीमे. वर. प्रत्यय काय रस्त्यावर पडलेत? विभक्तीचा प्रत्यय शब्दाला जोडून लिहायचा, शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं, हे मी तुला पाचवीत..."

"मी लिहिलं नाही गं, बोललो. फोनमध्ये बोललं की तो टाइप करतो. तो असंच तोडतो."

म्हणजे दोन लाख शब्दांची कादंबरी या मुलाने बोलून काढली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण कोणी इतकी मनावर घेतलेली मी पाहिली नव्हती. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. "राज्या च्या" हे यंत्राच्या हिशेबी दोन शब्द. "राज्याच्या" हा एक. मी पहिल्या पानावरचे प्रत्यय जोडले आणि खालचा आकडा बघितला. आकडा उतरला होता.

"आत्या," दिपेश हळूच म्हणाला, "काहीच कापलं नाहीस तू."

"व्याकरणाने कापलं," मी म्हटलं.

तीन दिवस आम्ही प्रत्यय जोडले. दिपेशने रजा टाकली. तो "च्या" आणि "वर" आणि "साठी" शोधून काढायचा आणि मी एकेक तपासून जोडायचे, कारण "वर" म्हणजे नवरदेवसुद्धा असतो आणि एका प्रकरणात लग्न होतं. गोविंदा रोज फोन करून विचारायचा, "किती उतरलं?" ताप मोजावा तसं. एक लाख ऐंशी हजार झाले, पंच्याहत्तर झाले. मला चटक लागली. प्रत्यय संपत आले तशी मी समासावर गेले. "काळ्या खडकावरचा किल्ला" हे तीन शब्द होते, मी "कृष्णखडकदुर्ग" केला. "मिठाने माखलेला घोडा" याचा "लवणलिप्ताश्व" केला.

"आत्या, हा घोडा कोणालाच कळणार नाही."

"दोन शब्द वाचले."

"घोडाच गेला त्यात."

मी घोडा परत आणला. जन्मभर शुद्ध भाषेसाठी मुलांचे कान उपटले आणि आता दोन शब्दांसाठी मी संस्कृतच्या नावाखाली काळाबाजार करत होते, हे मला दिसत होतं. पण आकडा उतरताना पाहण्यात मजा असते, हे ज्याने वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं आहे त्याला सांगायला नको.

एक लाख अडुसष्ट हजारावर आकडा अडला. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. आता खरोखर काहीतरी कापायला हवं होतं, आणि त्यासाठी कादंबरी वाचायला हवी होती, कारण तोवर मी फक्त प्रत्यय वाचले होते.

कादंबरी चांगली होती. हे मी आत्या म्हणून सांगत नाही. खाजण नावाचं राज्य, तिथे मिठागरं, आणि सगळी जादू मिठात. आमचे आजोबा मिठागरावर राबले, त्यांना आपल्या मिठाने राक्षस मरतात हे कळलं असतं तर त्यांनी मजुरी वाढवून मागितली असती. उल्हास नदीसारखी एक नदी होती आणि मोहन्याच्या जुन्या कारखान्याच्या धुरांड्यासारखा एक मनोरा. त्या मनोऱ्यात एक म्हातारी राहायची. तिचं नाव शुद्धमती.

शुद्धमती मंत्र शिकवायची. मंत्र लिहून द्यायचा असे, आणि त्यात ह्रस्व-दीर्घ चुकलं तर जादू उलटायची. राणीने सुत हवा म्हणून मंत्र लिहिला, घाईत "सू" दीर्घ काढला, आणि नऊ महिन्यांनी तिला सुताचं रीळ झालं. प्रधानाने "दिन उगवो" ऐवजी "दीन उगवो" लिहिलं आणि सकाळी राजवाड्यापुढे भिकाऱ्यांची रांग लागली. शुद्धमतीचा चष्मा गळ्यात दोरीला लटकत असे. ती राक्षसालासुद्धा "पुन्हा लिही, दहा वेळा" असं सांगायची.

"ही मी आहे का?" मी विचारलं.

"नाही गं. इन्स्पायर्ड आहे."

"माझा चष्मा दोरीला आहे."

"तिची दोरी निळी आहे, आत्या."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मी पुढचं पान घाईघाईने उलटलं, ती अजून काय काय बोलते ते बघायला.

बाराव्या प्रकरणात तिला विष देतात. इथे ती मरणार हे उघड होतं. राजपुत्र खारवीर सीमेवर सैन्य घेऊन तयार आहे, म्हातारी मेल्याची बातमी आली की तो संतापून हल्ला करणार. पण तेराव्या प्रकरणात विष शिळं निघतं. चौदाव्यात यमदूत येतात, त्यांच्या कागदावर तिचं नाव "शूध्दमति" असं लिहिलेलं असतं, ती त्यांना कागद दुरुस्त करून आणायला परत पाठवते. सतराव्यात ते दुरुस्त करून आणतात, तर आता पत्ता चुकलेला. विसाव्यात यमदूतांची सभा भरते. पंचविसाव्यात खुद्द यम येतो आणि म्हातारी त्याला "यमाला" आणि "यमास" यांतला फरक समजावते, तो ऐकत बसतो आणि त्याची वेळ टळते. असं एकतिसाव्या प्रकरणापर्यंत चालतं. तिकडे खारवीर एकोणीस प्रकरणं सीमेवर उभा. घोडे वाळले असतील. सैनिकांची बायकापोरं वाट बघून थकली असतील. शेवटी बत्तिसाव्या प्रकरणात तो म्हातारीचं न विचारताच हल्ला करतो.

या सगळ्याचे शब्द मोजले. साडेअठरा हजार भरले.

"दिपेश," मी म्हटलं, "सापडलं. म्हातारीला बाराव्यातच मार. तेरा ते एकतीस काढून टाक. दीड लाखाच्या खाली येतोस आणि घोडेही जगतात."

"नाही."

"अरे, गोष्ट तिथे थांबते. मजा येते, पण गोष्ट हलत नाही. आणि ती मीच आहे ना? माझी परवानगी आहे. मार."

"लढाया काप. नकाशा काप. राणीचं रीळ काप. तिला नाही."

"त्याने पाच हजारसुद्धा होत नाहीत. परवा शुक्रवार आहे."

"मग नको छापायला," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप तसाच माझ्या टेबलावर सोडला आणि चपला घालून निघून गेला. लिफ्टची वाटही बघितली नाही, जिन्याने गेला. लिफ्टवाल्याने जिना घेतला म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

मला त्याचा भयंकर राग आला. अर्धवट सोडणार, शेवटी हेही अर्धवट सोडणार, असं मी भिंतीला सांगितलं. पण तुटलेले प्रत्यय तसेच टाकून झोपणं माझ्या स्वभावात नाही. म्हातारीची प्रकरणं मी गोष्टीच्या नादात भराभर चाळली होती, त्यांतले प्रत्यय जोडायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन चौदावं प्रकरण जोडायला बसले. कापायचंच असलं तरी शुद्ध करून कापावं.

फोनने ऐकलेल्या गोष्टींत मधेमधे काही विचित्र यायचं, ते आम्ही काढत होतो. लढाईत "हल्ला करा चार नंबर ची सलाईन संपली" असं आलं होतं, आणि चार नंबर हा शूर शिपाई असेल असं समजून मी त्याला आधीच्या प्रकरणात राहू दिला होता. चौदाव्यात यमदूत येतात तिथे मी पोचले.

"यमदूत म्हातारी च्या दारा त उभे राहिले आणि म्हणाले जया केणे चे नातेवाईक कोण आहे काउंटर वर या."

पुढची ओळ होती, "म्हातारी म्हणाली मी येणार नाही आधी माझे नाव नीट लिहा."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "केणे" आणि "चे" जोडायचं राहून गेलं.

शस्त्रक्रियेनंतर मी बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते. डॉक्टर गोविंदाला "आत्ता काही सांगता येत नाही" एवढंच सांगत असत, हे मला फार नंतर कळलं. दिपेश बाहेरच्या बाकड्यावर असायचा आणि सारखा फोनवर बडबडत असायचा, अशी तक्रार गोविंदाने मला घरी आल्यावर केली होती. मी म्हटलं होतं, मुलगी असेल, बडबडू दे. त्या बाकड्यावर बसून हा मुलगा मला मरू देत नव्हता. यमाला व्याकरण शिकवत होता.

मी डोळे पुसले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि मोहन्याला जायला रिक्षा केली. शहाडपर्यंत रिक्षावाला त्याच्या मेहुण्याच्या प्लॉटबद्दल बोलत होता, आणि मी प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणत होते. एक अक्षर कानात शिरलं नाही.

गोविंदा ओटीवर बसला होता. "आलीस ती बरी झाली," तो म्हणाला. "मी त्याला बोललो, बुक म्हंजे आपल्या हलदीवानी नको करू. आपन हलद नाचतो रातभर न् लगीन दहा मिनटांत. लोक हलदीला येतान, लगनाला झोपतान. जल्ला, ऐकत नाय."

"बरोबर बोललास," मी म्हटलं, आणि वर गेले. भावाला बरोबर म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ असेल, कारण तो पायरीपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

दिपेश पलंगावर पालथा पडला होता. मी लॅपटॉप उघडून चौदावं प्रकरण त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं आणि कान लाल झाले.

"हे एक राहून गेलं वाटतं," तो म्हणाला. "बाकीचे काढले होते मी."

"बाकीचे किती होते?"

"खूप."

मग तो उठून बसला. "बारावं चालू होतं आणि पप्पांचा फोन आला की तुला ॲडमिट केलं. मी तिला मारणारच होतो, आत्या. विष दिलेलं ऑलरेडी. पण मग कसं मारू? तू आत होतीस. म्हटलं, आजच्या दिवस विष शिळं काढू. दुसऱ्या दिवशी परत तेच. येड्यासारखं वाटतं, पण ती बोलत राहिली ना, की मला वाटायचं..."

मला इतकं भरून आलं होतं की मी त्याला एक धपाटा घातला.

"आता मी बाहेर आहे. इडली खाते, रागावते, जिने चढते. आता मार तिला."

"पुढच्या महिन्यात तुझी टू-डी इको आहे," दिपेश म्हणाला.

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. लिफ्टच्या तारेवर ज्याचा विश्वास आहे तो माणूस माझ्या हृदयाच्या बाबतीत यमाच्या भरवशावर बसला होता. बाहेर शुक्रवार जवळ येत होता आणि ठाण्याला अंतराबाई दीड लाखाची पट्टी घेऊन बसल्या होत्या.

"सरक," मी म्हटलं आणि त्याच्या खुर्चीत बसले. बारावं प्रकरण काढलं. विषाचा पेला म्हातारीच्या हातात होता. "आपण एका वाक्यात उरकू. 'शुद्धमती मेली.' दोन शब्द."

"'मेली' नको, आत्या."

"'वारली'?"

"पेपरमधल्यासारखं वाटतं."

"'निवर्तली'? 'स्वर्गवासी झाली' म्हटलं तर एक शब्द वाढतो."

"'गेली' पण नको," तो घाईघाईने म्हणाला. मी अजून तो लिहिलाही नव्हता.

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले. खाली ओटीवर शेजारची सगुणाकाकी गोविंदाशी बोलून उठली होती, तिच्या काठीचा आवाज येत होता. गोविंदाने तिला काहीतरी विचारलं, ती हसली आणि आपण सगळ्या बायका दारातून निघताना म्हणतो तेच म्हणाली. जाते असं कोणी म्हणत नाही. घर शेजारी असो की परमुलखात, परत यायचं असो की नसो, आमच्यात आजवर कोणा बाईने "जाते" म्हणून उंबरा ओलांडलेला नाही.

मी लिहिलं. शुद्धमतीने विषाचा पेला खिडकीबाहेर ओतला, चष्मा पुसला, मनोऱ्याचं दार लावलं आणि खाली उभ्या असलेल्या खारवीराच्या स्वाराला म्हणाली, येते.

दिपेशने वाचलं. मग त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून तेरावं प्रकरण निवडलं आणि पुसलं. मग चौदावं. यमदूतांची सभा गेली, यम गेला, शिळं विष गेलं. प्रत्येक वेळी तो थांबून माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचे. एकतिसावं पुसल्यावर खारवीर बाराव्या प्रकरणाच्या शेवटीच घोड्यावर बसला आणि खालचा आकडा दीड लाखाच्या आत आला. एवढे दिवस त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेला मुलगा आता त्याच्याकडे बघतही नव्हता.

"म्हणजे मेली नाही ना ती?"

"'येते' म्हणाली आहे. तू वाचलंस."

"कधी येते?"

मी पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग दिपेशने कर्सर "येते"च्या शेवटी नेला आणि त्यापुढचा पूर्णविराम काढून टाकला.

ही चूक होती. वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा, हे मी हजारो मुलांना शिकवलं आहे. पण मी ते वाक्य तसंच राहू दिलं, आणि त्याला म्हटलं, पाठव.